मागून घेतलेली नजर

१

शिउनाथच्या दुकानात जुने कॅमेरे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवलेले असत, तांदळात पुरून. समुद्रकाठच्या सुवा शहराची दमट हवाच तशी. दाराशी काढून ठेवलेले बूट आठवड्यात हिरवे पडतात, तिथे भिंगाला बुरशी लागायला कितीसा वेळ! इसोआ एकेक डबा उघडत होता, कॅमेऱ्यावरचे तांदूळ फुंकरीने उडवत होता आणि भिंग उजेडाकडे धरून आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात का, ते बघत होता.

त्याने पुष्कळ दिवस विचार करून ठेवला होता. बाहेरचा माइक लावायची सोय हवी, कारण कॅमेऱ्याच्या आतल्या माइकमध्ये वारा शिरतो. फोकस हाताने फिरवता आला पाहिजे. बॅटरी सुवातच मिळणारी हवी. आणि बेकरीत पहाटेच्या पाळीला पाव भाजून जे काही साठलं होतं, त्यात हे सगळं बसायला हवं. इन्स्टिट्यूटच्या व्हिडिओच्या वर्गात कॅमेरे होते, पण ते कायम दुरुस्तीला गेलेले. वर्षाच्या शेवटी प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची होती. ज्याची फिल्म उत्तम, त्याला दूरच्या बेटांवर शूटिंगला जाणाऱ्या पथकात काम मिळणार होतं. जागा एकच होती.

ती जागा इसोआला हवी होती. आणि ती रुसिआतेला मिळणार, हे वर्गातल्या बाकांनासुद्धा ठाऊक होतं.

रुसिआते त्याच्या मामाचा मुलगा. ओवालाउ बेटावरून शिकायला आला आणि इसोआच्या घरीच राहिला. मामा-आत्याच्या मुलांनी एकमेकांना ‘तवाले’ म्हणायचं, एकमेकांची वाटेल तशी टिंगल करायची आणि एकमेकांच्या वस्तू बिनदिक्कत उचलायच्या, अशी तिथली रीत. त्या रीतीने इसोआचे शर्ट रुसिआते घालत असे, आणि त्याच्या अंगावर ते जास्त शोभत. इसोआची आई त्यालाच आधी वाढत असे. त्याच्याकडे काच तडकलेला एक फोन होता. त्या फोनवर त्याने बसस्टॉपवर झोपलेला कुत्रा जरी काढला, तरी वर्गातली पोरं गप्प होऊन बघत. इसोआने तोच कुत्रा काढला तर तो कुत्राच दिसे.

‘फोनचं काय,’ इसोआ स्वतःला समजावत असे, ‘नशीब आहे त्याचं. माझ्याकडे खरा कॅमेरा आला की बघू.’

पण दुकानात यायला रुसिआतेलाच बरोबर घेऊन यावं लागलं होतं, कारण कोणता घ्यावा ते इसोआला ठरवता येईना.

रुसिआते काहीच विचारत नव्हता. एकेक कॅमेरा घेऊन तो दारापर्यंत जाई, रस्त्याकडे धरी आणि परत आणून ठेवी.

“हा नको. यातून सगळ्यांनाच कावीळ झालेली दिसते.”

“आणि हा?”

“भारी आहे. पण उचलून तुझे हात दुखतील. मग तू सगळं बसूनच काढशील, आळशी कुठला.”

“अरे, कॅमेरा बघताय की सून बघताय?” शिउनाथ गल्ल्यामागून ओरडला. “सकाळपासून माझे तांदूळ सांडताय.”

“सून असती तर यानं कधीच पसंत केली असती, अंकल,” रुसिआते म्हणाला. “तिनं याला केलं नसतं, ती गोष्ट निराळी.”

शेवटी एक काळा, कोपऱ्यावर घासलेला कॅमेरा रुसिआतेने दारात बराच वेळ डोळ्याला लावून धरला. बाहेर भाजीवाल्या बायका दालोच्या कंदांच्या जुड्या टोपल्यांत भरत होत्या, एवढंच. पण तो असा बघत होता, की इसोआलाही वळून बघावंसं वाटलं. त्याला बायकाच दिसल्या, दालो दिसला. बाकी काही नाही.

कॅमेरा विकत घेणार आपण, आणि त्यातून आधी बघणार हा.

“हाच घे,” रुसिआते म्हणाला.

“घेतो. पण नुसता घेऊन काय करू? तुझी नजरही दे की.” इसोआ हसत म्हणाला. मग त्याच्या तोंडून तो शब्द गेला, जो नात्यातल्या माणसाकडे काही मागताना म्हणतात आणि म्हटल्यावर समोरच्याला नाही म्हणता येत नाही. “केरेकेरे, तवाले.”

रुसिआतेने खट्याळपणे डोळे मिटले, दोन्ही तळवे पापण्यांवर ठेवले आणि ओंजळ पुढे केली. “घे बाबा. तवालेला नाही कसं म्हणू?”

इसोआने ओंजळीला हात लावला आणि पोकळ तळव्यांनी तीनदा टाळी वाजवली. मानाची भेट स्वीकारताना वाजवतात, तशी.

शिउनाथचं हसणं थांबलं. त्याचा आजा समुद्रापलीकडून इथे उसाच्या मळ्यावर आला, तेव्हापासून त्याचं घराणं इथल्याच माणसांत राहिलेलं, रीती त्याला ठाऊक होत्या. “देण्याघेण्याची टाळी चेष्टेत कशाला वाजवलीस रे?” तो म्हणाला. मग कॅमेरा पिशवीत घालून त्याने पैसे घेतले.

२

पहिल्यांदा त्याने आईलाच काढलं. ती पुढच्या खोलीत शिलाई मशीनवर लोकांचे कमरेला गुंडाळायचे सुलू शिवत बसे. पाऊस पत्र्यावर पडत होता, मशीनची खडखड चालू होती, आणि इसोआने फक्त कॅमेरा धरून ठेवला.

दुपारी जेवण झाल्यावर त्याने ते लॅपटॉपवर लावलं आणि त्याचा विश्वास बसेना. आईच्या बोटांवरून उजेड घरंगळत होता. कापड सुईखाली जात होतं, तसं काहीतरी तिच्याही चेहऱ्यावरून पुढे सरकत होतं. इतकी वर्षं रोज समोर असलेली आई त्याने जणू पाहिलीच नव्हती.

“हे तू काढलंस?” रुसिआते मागे येऊन उभा होता. “तवाले! अरे, हे तू काढलंस?”

तो खरोखर खूश झाला होता. इसोआला तेच सहन झालं नाही. त्याला रुसिआतेचा चेहरा पडलेला बघायचा होता.

“कॅमेरा चांगला आहे,” तो म्हणाला.

“पण मध्येच अंधार येतो बघ.”

येत होता. आधी इसोआच्या ध्यानात आलं नव्हतं. आई धागा तोडायला वाकते, तिथे वरून आणि खालून एकदम काळोख आला, मध्यभागी मिळाला आणि पुन्हा उघडला. डोळा चुकला असता तर दिसलाही नसता. त्याने मागे जाऊन पाहिलं. मग पुढे पुन्हा तसंच. मग थोड्या वेळाने पुन्हा. ठरावीक अंतराने नव्हे. कधी लवकर, कधी उशिरा.

“शटर अडकत असेल,” इसोआ म्हणाला.

“असेल,” रुसिआते म्हणाला, आणि त्याने डोळे चोळले.

३

शिउनाथने कॅमेरा उलटसुलट केला, आत हवा मारली, स्वतःच्या दुकानाचं छत त्यात टिपून पाहिलं. छत अखंड आलं, मध्ये काही अंधार नाही.

“यात काही नाही. तू काढतोस तेव्हाच होतं?”

“हो.”

“मग तुझ्या हातात काहीतरी असेल,” शिउनाथ म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

इसोआने ते अंधाराचे तुकडे कापून टाकायला सुरुवात केली. कामच होतं ते, एडिटिंगमध्ये काय काय कापावं लागतं. कापलं की बाकीचं सगळं सोन्यासारखं होतं. बंदरावर त्याने धुकं काढलं. बाजारात तराजूचा काटा काढला. कॅमेरा कुठे धरावा, ते हाताला आपोआप कळत होतं. कळत नसेल तेव्हा हात थोडासा ओढला जाई, डावीकडे नाहीतर खाली, आणि तिकडे नेमकं हवं ते असे.

मिस लेवाता वर्गात सगळ्यांचं काम पडद्यावर लावून दाखवत. इसोआचं लागलं तेव्हा पोरं गप्प होऊन बघू लागली, आणि मिसनी ते पुन्हा एकदा लावलं.

“तुला नजर आली रे,” त्या म्हणाल्या. “इतके दिवस कुठे होती?”

वर्ग हसला. इसोआच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. त्याने चोरून रुसिआतेकडे बघितलं. रुसिआते टाळ्या वाजवत होता.

मग रुसिआतेचं लागलं. त्याची फिल्म धक्क्यावर बोटीत माल चढवणाऱ्या माणसांची होती. पडद्यावर सगळं तिरकं आलं. माणसांची डोकी कापलेली होती. फोकस कुठल्यातरी दोरखंडावर होता आणि मागे पांढुरके आकार हलत होते.

“हे काय रे?” मिस म्हणाल्या. “झोपेत काढलंस?”

“मिस, काढताना नीट दिसत होतं,” रुसिआते म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, “म्हणजे, मला वाटलं, दिसतंय.”

बसमध्ये घरी येताना इसोआ खिडकीशी बसला आणि त्याने तोंड बाहेर वळवून ठेवलं, कारण त्याला हसू आवरत नव्हतं. त्याला लाजही वाटत होती. पण हसू जास्त होतं.

४

रविवारी चर्चहून आल्यावर आईने नारळाच्या दुधात मासा केला होता. उकडलेला कसावा होता आणि वाटीत ठेचलेल्या मिरच्या. चटईवर बसून तिघं जेवली. इसोआने आधीच उरकलं आणि कॅमेरा घेऊन तो दाराशी जाऊन बसला. अंगणातल्या पपईच्या झाडावर एक मैना बसली होती. तो कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर तिला बघत होता.

त्याची पाठ घराकडे होती. आत आई आणि रुसिआते बोलत होते.

“आत्या, हा मासा की पांघरूण? एवढा मोठा!”

“गप खा. डोळ्यांसाठी चांगला असतो मासा. चांगलं बघशील.”

“इसोआला जास्त वाढ मग, त्याला फिल्म संपवायचीय.”

पडद्यावर मैना होती, पपई होती, आणि अधूनमधून काळोख मिटत-उघडत होता. इसोआला आता त्याची सवय झाली होती.

“आई गं!” आतून रुसिआते ओरडला. “मिरचीचा हात लागला डोळ्याला!”

“चोळू नकोस! पाणी घे, पाणी!”

पडद्यावरची मैना विरघळली. खालच्या कडेपासून पाणी चढलं, पपईचं खोड वाकलं, सगळं चकाकलं आणि डुचमळलं. मग काळोख आपटून मिटला. उघडला. पुन्हा मिटला. पुन्हा, पुन्हा, घाईघाईने, आत कोणी डोळ्यावर पाणी मारत असावं, तसा.

इसोआने मान वर करून पाहिलं. ऊन स्वच्छ होतं. भिंग कोरडं होतं. मैना उडूनही गेली नव्हती.

तो वळला. रुसिआते मोरीत वाकून ओंजळीने डोळ्यावर पाणी घेत होता. इसोआ कधी त्याच्या पापण्यांकडे, कधी हातातल्या पडद्याकडे बघत राहिला. रुसिआतेने डोळा मिटला. पडद्यावर काळोख आला. रुसिआतेने डोळा उघडला.

“काय बघतोस?” रुसिआते हसला. त्याचा डोळा लालभडक झाला होता. “रडत नाहीये. मिरची आहे.”

५

समजूत घालायला कारणं पुष्कळ असतात. दमट हवेत पडद्यावर वाफ धरते. एका घरात राहणाऱ्या माणसांच्या पापण्या एकाच वेळी लवू शकतात, जांभया नाही का येत? इसोआने ही सगळी कारणं एकामागून एक मनात मांडली, आणि ती त्याला पटली, कारण त्याला ती पटायला हवी होती.

कारण खरी गोष्ट अशी होती, की फिल्म अर्धी झाली होती आणि ती फार सुंदर होती.

रुसिआते आता दाराच्या चौकटीला खांदा घासून चालू लागला होता. एकदा त्याने इसोआच्या बुटांऐवजी आईची चप्पल पायात घातली आणि तशीच रस्त्यापर्यंत नेली. सगळे हसले. तोही हसला. दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत दिवा मारून पाहिलं आणि डोळे उत्तम आहेत म्हणून सांगितलं.

“धुरातून बघितल्यासारखं वाटतं,” तो इसोआला म्हणाला. दोघं चटईवर पडले होते. बाहेर दुपारचा पाऊस चालू होता. “आणि तुला गंमत सांगू? कधी कधी मी बघतच नसतो ते दिसतं. बेकरीतल्या भट्टीचं तोंड दिसलं मला काल. मी तर घरी होतो.”

इसोआने काल भट्टीचं तोंड काढलं होतं. लाल, आत पाव फुगताना.

आता सांगावं, असं त्याला वाटलं. म्हणावं, की तू माग, मी परत देतो. दिलेली वस्तू परत करणं हा अपमान, पण दुसऱ्याने मागितली तर द्यावीच लागते. एक शब्द पुरे होता. पण तो शब्द रुसिआतेच्या तोंडी यायचा तर आधी इसोआने तोंड उघडायला हवं होतं. ते उघडलं तर पुन्हा तो आधीचा इसोआ, आणि कुत्रा म्हणजे कुत्रा.

“झोप,” तो म्हणाला. “थकला असशील.”

दुसऱ्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा जास्त शूटिंग केलं. पळतपळत केलं म्हणावं, अशा घाईने.

६

रुसिआतेने बेटावर परत जायचं ठरवलं. मामीने निरोप पाठवला होता, की शिक्षण राहू दे, आधी घरी ये. दुपारच्या बोटीने जायचं होतं. तो ओसरीच्या खालच्या पायरीवर पिशवी मांडीत घेऊन टॅक्सीची वाट बघत बसला होता. इसोआ वर कठड्याशी उभा होता, गळ्यात कॅमेरा. फिल्मचा शेवटचा शॉट तेवढा राहिला होता आणि तो काय असावा, ते त्याला सुचत नव्हतं. आत मशीन खडखडत होतं. पाऊस नुकता थांबून ऊन पडलं होतं.

“तवाले,” रुसिआते वर तोंड करून म्हणाला. तो इसोआकडे बघत होता, पण थोडा बाजूला. “एवढे दिवस तुझं खाल्लं, तुझे शर्ट फाडले. आता एक शेवटचं मागतो.”

“काय?”

“कॅमेरा दे. घेऊन जात नाही रे, घाबरू नकोस. एकदा डोळ्याला लावून बघतो फक्त. का कोण जाणे, त्यातून दिसेलसं वाटतं मला.” आणि तो हसून म्हणाला, “केरेकेरे.”

इसोआच्या हाताखाली कॅमेरा ऊबदार होता.

काही अवघड नव्हतं. पट्टा मानेवरून काढायचा आणि पायऱ्या उतरायच्या. त्याच्या घराण्यात त्या शब्दाला कोणी नाही म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं; नाही म्हणेल तो आपल्या माणसांत उरत नाही, असं जुनी माणसं म्हणत. पण सोमवारी फिल्म द्यायची होती. शेवटचा शॉट राहिला होता. मिस लेवातांनी त्याचं काम पुन्हा लावून पाहिलं होतं. वर्ग गप्प झाला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो त्याच्यासाठी गप्प झाला होता.

“फिल्म दिली की देतो,” इसोआ म्हणाला.

आत मशीन थांबलं.

“आं?”

“नंतर देतो म्हटलं. आत्ता नाही.”

रुसिआतेचं हसू ओठांवर तसंच राहिलं, काढायला विसरल्यासारखं. “बरं,” तो म्हणाला. “बरं, तवाले. काम आधी.”

त्याच्याकडे सरळ बघवेना म्हणून इसोआने कॅमेरा तोंडासमोर धरला. भिंग खालच्या पायरीकडे होतं. रुसिआतेकडे.

पडद्यावर रुसिआते नव्हता. पडद्यावर ओसरी होती, खालून वर बघितलेली. पत्र्याच्या पन्हळीतून पाण्याचे थेंब गळत होते आणि प्रत्येकात ऊन होतं. कठड्याशी एक तरुण उभा होता, कॅमेरा तोंडासमोर धरलेला. त्याच्या हाताच्या शिरा, बेकरीत भाजलेल्याचा मनगटावरचा डाग, खांद्यांची ती अवघडलेली ठेवण, सगळं इतक्या मायेने बघितलेलं होतं, की इसोआला आधी ओळखच पटली नाही. तो इतका चांगला दिसत असेल, हे त्याला कोणी कधी सांगितलं नव्हतं.

शेवटचा शॉट हाच होता. त्याने लाल बटण दाबलं.

“इसोआ?” रुसिआते म्हणाला.

इसोआने श्वास रोखला. बोललं तर हात हलेल.

“इसोआ, आहेस ना रे?”

पडद्यावरची नजर शोधू लागली. ती कठड्यावरून डावीकडे गेली, बादलीपर्यंत. परत आली. तरुण उभा होता तिथून गेली, दारापर्यंत. पुन्हा परत आली. यावेळी कठडा होता, गळणारं पाणी होतं, मागची हिरवी भिंत होती. तरुण नव्हता. नजर त्या जागी थांबली, नीट थांबली, आणि भिंतीवरच्या ओलीचे डागसुद्धा स्पष्ट दिसले.

“गेला वाटतं,” रुसिआते स्वतःशी म्हणाला.

दारात आई आली. हातात अजून सुलूचं कापड होतं. ती इसोआच्या अगदी शेजारी उभी राहिली, इतकी, की कापडाची किनार त्याच्या कोपराला लागायला हवी होती. लागली नाही.

“कोणाशी बोलतोयस रे, बाळा?”

“इसोआ होता ना आत्या. आत्ता इथे होता.”

आईने कठड्याकडे बघितलं. रस्त्याकडे बघितलं. खाली टॅक्सीचा भोंगा वाजला.

“मी इथे आहे,” इसोआ म्हणाला.

पडद्याच्या कोपऱ्यात आवाजाच्या दोन हिरव्या रेघा असतात. माइकला जे ऐकू येईल, त्याने त्या वर उड्या मारतात. पन्हळीचा थेंब पडला, रेघा उडाल्या. आईची चप्पल पायरीवर वाजली, रेघा उडाल्या. रुसिआतेने पिशवी उचलताना हुंकार दिला, तोही त्यांनी घेतला.

“आई, मी इथे आहे!” इसोआ ओरडला. घसा फाटेल, इतक्या जोराने ओरडला.

रेघा हलल्या नाहीत.